हिशेबाची घडी आणि संगणकाची निवड

व्यवसाय लहान असतो तेव्हा मालकाचे डोळे हीच त्याची हिशेबवही असते. गोदामात किती माल आहे, कोणाकडून किती येणे आहे, उद्या कोणाला किती द्यायचे आहे, हे सारे त्याला तोंडपाठ असते. व्यवसाय वाढू लागला की ही स्मरणशक्ती अपुरी पडते. मग वह्या येतात, वह्यांमागून कारकून येतात आणि एके दिवशी कोणीतरी सुचवते, "आता एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्या." सूचना योग्यच असते. परंतु 'चांगले' म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते कोठे शोधावे, हे मला भिलाईच्या नेमणुकीच्या काळात एका ग्राहकाने शिकवले. तो अनुभव आपल्या वाचकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

पोलादनगरीतील एक कारखाना

भिलाई हे पोलादाचे गाव. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरच्या रेल्वेमार्गांना रूळ पुरवणाऱ्या या कारखान्याच्या आश्रयाने आसपास शेकडो लहान उद्योग उभे राहिले. लोखंडी सांगाडे, टाक्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या या उद्योगांत नागपूर-भंडाऱ्याकडून रोजगारासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनीही आपले बस्तान बसवले.

आमचे हे ग्राहक त्यांपैकीच एक. वडील कारखान्यात कामाला होते. मुलाने फॅब्रिकेशनचा व्यवसाय थाटला. राहते घर वैशाली नगरमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत कार्यालय आणि प्रत्यक्ष कार्यशाळा औद्योगिक क्षेत्रात. सहा कामगारांनिशी सुरू झालेले काम चाळीस कामगारांपर्यंत पोचले होते. हातात मोठ्या मागण्या होत्या आणि कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मिळावी, असा त्यांचा अर्ज आमच्या शाखेकडे आला होता.

अर्जाच्या अनुषंगाने मी मालाच्या तपासणीसाठी कार्यशाळेत गेलो. त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये लिहिलेला माल आणि आवारात प्रत्यक्ष दिसणारा माल यांचा मेळ बसेना. विशेष म्हणजे माल कमी नव्हता, उलट जास्तच होता! काका गोंधळून म्हणाले, "साहेब, जास्त माल असणं हा काय गुन्हा आहे? काम भरपूर आहे, माल भरपूर आहे. पैसा तेवढा हाती लागत नाही."

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. आवारातील बऱ्याचशा प्लेट त्यांच्या नव्हत्याच. काम देणाऱ्या मोठ्या कंपनीने त्या स्वतःच्या खर्चाने पाठवल्या होत्या. काकांनी फक्त कापून, जोडून, तयार सांगाडा परत द्यायचा होता. अशा परक्या मालावर बँक कर्ज देऊ शकत नाही, कारण तो ग्राहकाच्या मालकीचा नसतो. मागील काही महिन्यांच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये मात्र त्यांतील काही प्लेट स्वतःच्या म्हणून मोजल्या गेल्या होत्या, तर स्वतःच्या काही प्लेट परक्या समजून वगळल्या गेल्या होत्या.

हे किती गंभीर आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, आवारात ८० लाख रुपयांचा माल दिसतो. पुरवठादारांचे देणे १८ लाख आहे आणि बँकेने २५ टक्के मार्जिन ठेवले आहे. उरलेल्या ६२ लाखांवर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचल करता येण्याजोगी रक्कम, ४६ लाख ५० हजार होते. आता त्या ८० लाखांपैकी २२ लाखांचा माल परक्याचा निघाला, तर हीच रक्कम ३० लाखांवर येते. साडेसोळा लाखांचा हा फरक कोणाच्या लबाडीतून आलेला नसतो. परंतु कागदावर तो चुकीची माहिती दिल्यासारखाच दिसतो, आणि वर्षानुवर्षे जपलेली पत एका दिवसात धोक्यात येते.

तीन वह्या, तीन मापे

काकांचे अभियंता चिरंजीव त्या दिवशी तेथेच होते. त्यांनी एका मोठ्या सॉफ्टवेअरचे सहा आकडी दरपत्रक माझ्यापुढे ठेवले. मीही घाईने "घेऊन टाका, सर्व प्रश्न सुटतील" असे म्हणून मोकळा झालो. माझा हा सल्ला चुकीचा होता, हे मला पुढच्या भेटीत कळले. कारण हिशेबाचे एक सॉफ्टवेअर त्यांच्याकडे तीन वर्षांपूर्वीच आलेले होते! अर्धवेळ येणारे लेखनिक त्यात केवळ जीएसटीच्या विवरणपत्रापुरत्या नोंदी करीत. बाकीचा कारभार जुन्याच वाटेने चालला होता.

ती वाट अशी होती: कार्यशाळेतील फोरमन प्लेट नगाने मोजत असे आणि आपल्या रोजनिशीत लिहीत असे. स्टोअरकीपर वजनकाट्याच्या पावतीनुसार किलोत नोंद करी. वैशाली नगरच्या कार्यालयात सून एक्सेलच्या तक्त्यात रुपये मांडीत असे. १२ मिलिमीटर जाडीची, ६ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद प्लेट फोरमनच्या लेखी 'एक नग', स्टोअरकीपरच्या लेखी सुमारे ८४८ किलो आणि सुनेच्या लेखी एक रक्कम. तिघेही प्रामाणिक, तिघांचीही नोंद बरोबर. पण तीन नोंदींना जोडणारा दुवा कोणताच नाही. प्लेट कापल्यावर उरलेला तुकडा तर कोणाच्याच वहीत नव्हता. तो पुन्हा वापरता येईल की भंगारात जाईल आणि तो मुळात कोणाचा, हे फक्त फोरमनला ठाऊक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हवी ती माहिती घरात होती. ती एकत्र येत नव्हती. अशा स्थितीत नवे सॉफ्टवेअर आणले असते, तर चौथी वही तयार झाली असती, इतकेच.

गरजेतून जन्मलेली साधने

आपल्याकडे कीर्द आणि खतावणी यांची परंपरा जुनी आहे. कीर्दीत रोजचा व्यवहार घडेल तसा लिहावा आणि खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावा. इटलीत लुका पाचोली याने १४९४ साली आपल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीचे विवेचन केले. आजचे अद्ययावत सॉफ्टवेअरही याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की, कीर्दीतून खतावणीत नेण्याचे श्रम यंत्र करते. कीर्दीत काय लिहायचे, हे मात्र आजही माणसालाच ठरवावे लागते.

आपल्या देशातील सर्वपरिचित 'टॅली' या प्रणालीचा जन्मही एका व्यावसायिकाच्या अडचणीतून झाला. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवीत. स्वतःच्या हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते तयार करण्यास सांगितले. १९८६ साली बंगळुरू येथे या कामाची सुरुवात झाली. २०२० साली भरत गोयंका यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. मुंबईतील रुषभ मेहता यांनी विकसित केलेल्या 'ईआरपीनेक्स्ट' या प्रणालीमागेही कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातील अनुभव आहे. या प्रणालीचा मूळ संहितालेख सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे परवाना शुल्क पडत नाही. मांडणी, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च मात्र येतोच.

येथे कोणत्याही एका प्रणालीची शिफारस करण्याचा हेतू नाही. सांगायचे इतकेच की, ही साधने घडवणाऱ्यांनी आधी आपली अडचण नेमकी ओळखली. विकत घेणाऱ्यानेही तेथूनच सुरुवात करावयास हवी.

बँकेचा स्वतःचा धडा

या बाबतीत बँकांनीही कमी शिक्षण घेतलेले नाही. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाने बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखून दिली. लेजर मशीन, मग संपूर्ण शाखेचे संगणकीकरण आणि पुढे कोअर बँकिंग, अशा पायऱ्या चढत आजची व्यवस्था उभी राहिली. मी सेवेत आलो तेव्हा कोअर बँकिंग रुळलेले होते. परंतु ज्येष्ठ सहकारी त्या स्थित्यंतराच्या आठवणी सांगतात, त्यांत यंत्रांपेक्षा रात्री जागून जुळवलेल्या शिलकांचाच उल्लेख अधिक असतो. जुनी खतावणी जुळल्याशिवाय, सस्पेन्स खात्यातील जुनाट नोंदी निकाली निघाल्याशिवाय नव्या प्रणालीत पाऊल टाकता येत नसे. संगणक चूक सुधारीत नाही. ती क्षणार्धात सर्वत्र पोचवतो, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले.

मोठ्या कंपन्यांनाही हा नियम चुकत नाही. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट उत्पादक कंपनीने १९९९ साली नव्या प्रणालीची चार वर्षांची योजना अडीच वर्षांत आटोपण्याचा प्रयत्न केला आणि ऐन हंगामाच्या तोंडावर, जुलैमध्ये, ती सुरू केली. परिणामी गोदामांत माल असूनही दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या वेळेत पुऱ्या करता आल्या नाहीत. हंगामी जागांत ठेवलेल्या मालाची नोंद प्रणालीत नव्हती, हे त्याचे एक कारण पुढे सांगितले गेले. भिलाईच्या आवारातील बेवारस तुकड्यांची आणि त्या चॉकलेटच्या खोक्यांची जात एकच!

निवड करताना

या अनुभवांतून जी पथ्ये मला महत्त्वाची वाटतात, ती येथे क्रमाने देतो.

१. आधी कामाचा प्रवास कागदावर मांडावा. माल दारात आल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत कोण, कोठे, काय लिहितो, ते एका मोठ्या कागदावर काढावे. एकच गोष्ट जेथे दोनदा लिहिली जाते आणि जेथे मुळीच लिहिली जात नाही, त्या दोन्ही जागांवर लाल खूण करावी. आपली खरी गरज तेथेच असते.

२. गरजेएवढेच घ्यावे. किराणा दुकानदाराला झटपट बिल आणि मालाची मुदत महत्त्वाची. सल्लागाराला कामाचे तास. उत्पादकाला कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि जॉबवर्क. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही लागू आहे. मात्र पुढील दोन-तीन वर्षांतील वाढीचा विचार अवश्य करावा. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्यांना व्यावसायिक ग्राहकांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस करावे लागते. आपण त्या उंबरठ्याजवळ असाल, तर ही सोय प्रणालीत असलीच पाहिजे. व्यवसाय कंपनीच्या स्वरूपात असेल, तर केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

३. आपल्याच दहा व्यवहारांवर परीक्षा घ्यावी. विक्रेत्याने आणलेले नमुने नेहमी सुरळीत चालतात. आपण मागील महिन्यातील सर्वांत त्रासदायक दहा व्यवहार निवडावेत: परक्याचा आलेला माल, कापून उरलेला तुकडा, गॅल्व्हनायझिंगसाठी बाहेर पाठवलेले सांगाडे, अर्धीच गेलेली मागणी, बिलातून राखून ठेवलेली रक्कम. हे व्यवहार विक्रेत्याने नव्हे, तर आपल्या स्टोअरकीपरने स्वहस्ते नोंदवून पाहावेत. ज्याला रोज ते वापरायचे आहे, त्याचे मत मालकाच्या मताइतकेच मोलाचे मानावे.

४. पूर्ण खर्च मोजावा. परवान्याची किंमत हा खर्चाचा एक भाग. वार्षिक देखभाल, प्रशिक्षण, जुनी माहिती भरण्याचे श्रम, इंटरनेट, आणि सुरुवातीच्या काळात मंदावणारे काम, हे सारे मिळून खरा खर्च होतो. तीन वर्षांचा एकत्रित आकडा काढून मगच तुलना करावी.

५. माहिती आपली, आपल्याच ताब्यात. उद्या प्रणाली बदलावीशी वाटली, तर सर्व नोंदी वाचनीय स्वरूपात बाहेर काढता येतील का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. वर्गणी थांबताच नोंदी दिसेनाशा होणार असतील, तर ते दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे ठरेल.

६. अधिकारांची वाटणी करावी. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड असावा. माल स्वीकारणारा आणि बिल मंजूर करणारा एकच नसावा. नोंदींची प्रत रोज वेगळ्या जागी जतन व्हावी आणि ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

७. जुने आणि नवे काही काळ सोबत चालवावे. निदान एक महिना, शक्यतो एक तिमाही, दोन्ही हिशेब जुळवून पाहावेत. हंगामाच्या धामधुमीत बदल टाळावा. प्रारंभीची शिल्लक प्रत्यक्ष मोजणी करूनच भरावी.

आधी रंगाचा डबा

आता पुन्हा काकांच्या कार्यशाळेकडे वळू. त्या मोठ्या दरपत्रकाचे पुढे काय झाले, अशी उत्सुकता वाचकांना असेल. ते बाजूला राहिले. पहिली खरेदी झाली ती दोन डबे तैलरंगाची! परक्याच्या प्रत्येक प्लेटवर पिवळा पट्टा आणि स्वतःच्या प्लेटवर पांढरा. कापलेल्या तुकड्यावर त्याच रंगाची खूण आणि क्रमांक. ही कल्पना फोरमनची. "साहेब, कॉम्प्युटरला दिसण्याआधी मला दिसलं पाहिजे," हे त्याचे म्हणणे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक पटले.

त्यानंतर दोन रविवार खर्च करून संपूर्ण मालाची मोजणी झाली. काकांनी स्वतः शाखेत येऊन दुरुस्त स्टॉक स्टेटमेंट दिले. ड्रॉइंग पॉवर तात्पुरती घटली, मर्यादावाढीचा अर्ज दोन तिमाही लांबला. तो काळ त्यांना जड गेला. एक मोठी मागणी हातची सोडावी लागली. पण माहिती त्यांनी आपण होऊन दिल्यामुळे बँकेचा त्यांच्यावरील विश्वास ढळला नाही.

हिशेबाची घडी बसल्यावर सॉफ्टवेअरची निवड अवघड राहिली नाही. नग आणि किलो ही दोन्ही मापे एकत्र ठेवणारी, परक्याच्या मालाचे वेगळे गोदाम दाखवणारी आणि येणे रकमांचे वय सांगणारी मध्यम किमतीची प्रणाली त्यांनी पत्करली. जुन्या सॉफ्टवेअरमधील खातीही तीत आणता आली. दहा व्यवहारांच्या परीक्षेला चिरंजीव, सून आणि स्टोअरकीपर असे तिघेही बसले होते.

येणे रकमांची यादी प्रथमच वयानुसार छापून आली, तेव्हा "पैसा हाती लागत नाही" या तक्रारीचे उत्तरही मिळाले. कामे पूर्ण होऊनही राखून ठेवलेल्या रकमांची मागणीच कित्येक महिने झालेली नव्हती. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. परंतु आपले बिल केव्हाचे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कायदा तरी काय साहाय्य करणार? यादी हाती आल्यावर काकांनी पत्रे धाडली. सर्व रक्कम आली असे नाही. पण बरीच आली आणि पुढची बिले वेळेवर जाऊ लागली.

पुढील तपासणीच्या वेळी मी यादी हाती घेऊन आवारात फिरलो. सोळा प्लेटची नोंद होती. पांढऱ्या पट्ट्याच्या सोळा प्लेट मोजून घेतल्या. काका काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ चहा मागवला.

ग्राहक बंधू-भगिनींनो, संगणक हा उत्तम चाकर आहे; पण त्याला काम सांगणारा धनी आपण असावे लागते. आपल्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर घेण्याचा विचार असेल, तर प्रथम एक कोरा कागद घ्या, आपल्या कामाचा प्रवास त्यावर काढा आणि जमल्यास तो कागद घेऊन आपल्या शाखेतील अधिकाऱ्यालाही भेटा. बँकेला आपल्याकडून कोणती माहिती, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात लागते, हे आधी कळले तर निवड अधिक सोपी होईल. आणि कोणास ठाऊक, कदाचित आपलीही सुरुवात एखाद्या रंगाच्या डब्यापासूनच होईल!